वर्षालीच्या गेटचे आकडे

अम्मीची शर्त साधी होती. गेट चाललं तं कुर्बान मामूसंग काम कर. नाही चाललं तं सतरा नंबरचा फॉर्म भर, बाहेरून दहावीले बस, अन् निकाल लागेपर्यंत तार, बल्ब, डब्बा, कायलेच हात लावाचा नाही.

"अन् दहावी झाली का मंग?" म्या इचारलं.

"मंग पाहू."

अम्मीचं 'मंग पाहू' म्हनजे शिलाई क्लास. आमच्या मूर्तिजापुरात माह्या वयाच्या अर्ध्या पोट्ट्या तिथंच बसेल आहे. मले सुईचा राग नाही. मले एका जागी बसवनाऱ्याचा राग आहे.

शाळा म्या नववीतच सोडली. मॅडमनं सगळ्या वर्गासमोर म्हनलं, "जेबा, तुझ्या डोक्यात गणित शिरतच नाही." म्या म्हनलं, "मॅडम, ते तुमच्या तोंडातून बाहेर तं निघू द्या, मंग शिरन." वर्ग हासला. मॅडमनं मले बाहेर उभं केलं. मी बाहेर उभी राहिली अन् बाहेरूनच घरी गेली. पुन्हा गेलीच नाही.

कुर्बान मामू म्हनजे अम्मीचा मोठा भाऊ. अकोल्यात त्याचं रोषणाईचं काम आहे. लग्न असो, उरूस असो, जयंती असो, बांबूचं मोठं गेट उभं कराचं, त्याच्यावर बल्बच्या माळा रांगेनं आडव्या बांधाच्या अन् सगळ्या माळा एका डब्ब्याले जोडाच्या. डब्ब्यात मेमरी कार्ड टाकलं का गेटवर चित्र चालते. मोर, कमळ, फिरतं चक्र. कार्ड दुकानातून तयार भेटते.

ते तयार कार्ड म्या एक दिवस माह्या मोबाईलमंधी टाकून पाहिलं. आत एकच फाईल. उघडली तं नुसता कचरा, चौकोन अन् कशाकशाचे चिन्ह. दुकानदार म्हने, "ते उघडाचं नसते." मोराची शेपटी एका जागी तुटेल होती. ती तशीच चालत राहिली, सगळ्याच्या लग्नात तुटेल शेपटीचा मोर नाचत राहिला, काहून का आत हात घालाची सोयच नाही. मले उघडू न देनारी कोनतीबी वस्तू पाहिली का माह्यं डोकं गरम होते. त्याच्यात एकतं काही लपवेल असते, नाहीतं मले येडं समजेल असते.

म्हनून मी मोबाईलवर पायथन शिकली, कॉम्प्युटरले काम सांगाची भाषा. हिंदीतले व्हिडिओ पाहून. शिकाले काही लागत नाही, राग लागते.

गेट म्हनजे काय? रांगा, अन् एकाएका रांगेत बल्ब. पायथनमंधी अ‍ॅरे म्हनतात, ते बी तेच. रांगा, अन् रांगेत आकडे. शून्य म्हनजे बल्ब बंद, एक म्हनजे पिवळा, दोन म्हनजे लाल. अगोदर सगळे शून्य मांडाचे, मंग जिथं अक्षर पाहिजे तिथं एक भराचा. झालं का ते सगळं टेक्स्ट फाईलमंधी सेव्ह कराचं, एका ओळीत गेटची एक रांग, आकड्याच्या मधात कॉमा. असे आकडे वाचनारा डब्बा भेटते, मामूले म्या तो घ्याले लावला; त्यात मोराचं कार्डबी चालते.

टेक्स्ट फाईलची गोष्ट अशी आहे का ती कोनाच्याबी मोबाईलवर उघडते. उघडली अन् डोळे जरासे बारीक केले का पराटीच्या म्हनजे कपाशीच्या वावरात तुरीची ओळ दिसते तसं शून्याच्या मधात एक-एकचं अक्षर दिसते.

मामू म्हने, "असं उघडं ठेवलं तं कोनीबी चोरून नेईन."

"नेऊ द्या. चोराले वाचता तरी येईन. तुमच्या मोराले तं पोलीसबी वाचू नाही शकत."

मामूचा पोट्टा जुबेर बाजूलेच माळा गुंडाळत होता. तो म्हने, "अब्बू, इंजिनियर बाईले खुर्ची द्या."

"अबे तू माळा गुंडाळ. गाठी पडून राहिल्या."

या सगळ्यात वर्षालीचं लग्न आलं. वर्षाली म्हनजे भातकुलीकडल्या शालिकरामभाऊची पोट्टी. शालिकरामभाऊचा झेंडूचा अन् शेवंतीचा मळा आहे. मंडपाले फुलं त्यायचे अन् लाईट मामूचे, असं कितीक लग्नात दोघं संगच राबले, संगच जेवले. लग्न अमरावतीत, बडनेरा रोडवरच्या एका लॉनवर. वर्षाली सोता अकोल्याले आली अन् म्हने, "काका, मले मोर नको. माह्या ताईच्या लग्नात मोर होता, मामेबहिणीच्या लग्नात मोर होता, दोघीच्या फोटोत तुटेल शेपटी आहे. माह्या गेटवर नाव पाहिजे. वर्षाली, मधात दिल, अन् मंग पियुष. याच क्रमानं."

मामूनं माह्याकडं पाहिलं. म्या म्हनलं, "होते."

त्याच दिवशी मामूनं अम्मीले फोन लावला अन् त्या दोघानं मिळून ती शर्त ठरवली. मी बाजूलेच उभी होती. मले कोनी इचारलं नाही.

म्या घरी लाकडाच्या फळीवर लहान माळा लावून पाहिल्या. नाव बरोबर दिसत होतं. मोठ्या माळा तपासाले भेटल्याच नाही, त्या लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत एका उरसात लागेल होत्या. उतरवल्या अन् सरळ टेम्पोत टाकून अमरावतीले नेल्या.

लॉनवर पोचलो तवा मंडपवाले, फुलवाले, केटरिंगवाले, सगळे मानसंच मानसं. मामू मले म्हने, "तू टेम्पोत बस. माळा लावून झाल्या का बोलावतो."

"काहून?"

"लोकं पाहून राहिले."

"मंग लोकायले टेम्पोत बसवा."

"जेबा!"

बसली. दात खात बसली. टेम्पोच्या काचेतून मले गेटची पाठ दिसत होती अन् बांबूवर चढेल जुबेरचे पाय. आवाज दिले का मामू हातानं 'बस, बस' करे. कार्ड डब्ब्यात टाकाले बोलावलं तवा माळा बांधून झाल्या होत्या, मेन वायर लागेल होती, अन् गोरज मुहूर्त जवळ आला होता. वरातीचा डीजे रोडच्या पल्ल्याडून ऐकू येत होता.

म्या कार्ड टाकलं. मामूनं 'बिस्मिल्ला' म्हनून बटन दाबलं.

गेट पेटलं. पिवळं धम्मक. मंडपवाले काम सोडून पाहाले लागले. मंग एक जन हासला. मंग दुसरा.

सगळंच उलटं होतं. आरशात दिसते तसं. अक्षरायच्या काड्या भलत्या बाजूले, मात्रा-वेलांट्या भलतीकडं वळेल. अन् पियुष पयले, वर्षाली मागं. मधातलं दिल तेवढं बरोबर होतं, काहून का दिल कोनत्याबी बाजूनं सारखंच.

शालिकरामभाऊ फेटा सावरत आले. वर पाहिलं, मान वाकडी करून पाहिलं. "कुर्बानभाऊ, हे काय लावलं गा? पोरीच्या लग्नाचं गेट आहे का न्हाव्याच्या दुकानातला आरसा?"

मामूचा चेहरा उतरला. त्यानं मले काही इचारलंच नाही. हात पुढं केला. "कार्ड दे. मोर लावतो."

म्या डब्ब्यातून कार्ड काढलं, मूठ आवळली अन् मी डब्ब्यासमोरच उभी राहिली.

"नाही देत."

"जेबा, वरात दारात आहे. तमाशा नको करू."

"तमाशा मी नाही करून राहिली. फाईल बरोबर आहे. पाहा." म्या कार्ड मोबाईलमंधी टाकलं, फाईल उघडून मामूसमोर धरली. "हे पाहा, हा व. सरळ आहे का नाही?"

मामूनं डोळे बारीक केले. "दिसते तं सरळ."

"मंग गेटमंधी गडबड आहे."

"गेटमंधी?" मामूचा आवाज चढला. "माह्या गेटमंधी? तू जल्मली नव्हती तवापासून बांधून राहिलो मी. गेट बरोबर, तुझे आकडे खोटे. कार्ड दे."

जुबेर बांबूवरून बोलला, "अब्बू, तिच्या मुठीतून कार्ड काढाले पाना लागन."

तेवढ्यात मागून झेंडूची टोपली घेऊन एक मानूस चालला होता, शालिकरामभाऊच्या मळ्यातला. तो थांबला अन् मामूले हासून म्हने, "चाचा, तुमी उर्दूवानी लावलं वाटते. हे तं उजव्या हातून वाचा लागते."

बाकीचे पुन्हा हासले. मले हासू नाही आलं. म्या गेटच्या उजव्या खांबाकडं पाहिलं. सगळ्या माळायच्या पिना त्याच खांबाजवळ होत्या. डब्बाबी तिथंच. एकूणएक रांग उजवीकडून सुरू होऊन डावीकडं गेली होती. फाईलमंधला पयला आकडा पयल्या बल्बले जाते, अन् पयला बल्ब उजव्या हाताले.

"मामू, तुमी माळ कोनत्या बाजूनं सुरू करता?"

"सीध्या म्हनजे उजव्या हाताकडून. दुसरी कोनती बाजू असते का? उस्तादनं शिकवलं तसं. कोनतंबी काम सीध्या हातापासून सुरू कराचं, बरकत राहते."

"नेहमी?"

"नेहमी म्हनजे? एकबी गेट डाव्या बाजूनं सुरू नाही केलं म्या."

अन् आजपर्यंत कोनाले समजलंच नाही, काहून का मोर इकडं पाहो का तिकडं, मोरच राहते. कमळाले डावं-उजवं नसते. मामूच्या गेटवर अक्षर आलं ते आज पयल्यांदा. अन् घरच्या फळीवर म्या माळा लावल्या होत्या त्या डावीकडून, काहून का मी मराठी शाळेत गेली अन् माही ओळ तिकडूनच सुरू होते. गेट बांधताना मी तिथं उभी असती तं पयल्याच माळेले म्हनलं असतं. पन मी टेम्पोत होती. लोकं पाहून राहिले होते नं.

जुबेर म्हने, "माळा उतरवून पलटवू का?"

"हात नको लावू," मामू गरजला. "वरात येऊन राहिली. अन् मी डाव्या बाजूनं नाही बांधत, सांगून ठेवतो."

"नका बांधू," म्या म्हनलं. "तुमच्या माळा तशाच राहू द्या. मी आकडे पलटवते."

"पुन्हा काही झालं तं?"

"तं मोर लावा. मी सोता कार्ड देईन. पन पयले मले करू द्या."

"नाही. बस झालं." मामूनं माह्यं मनगट धरलं.

"काका, सोडा तिले."

वर्षाली होती. पिवळा शालू, कपाळाले मुंडावळ्या, हातात मोबाईल. मागून दोन मावश्या 'अगं बाहेर नको येऊ, नजर लागन' करत धावून राहिल्या होत्या. तिनं वर गेटकडं पाहिलं. गेट बंदच होतं, पन तिच्याजवळ फोटो पोचेल होता.

"माह्या नवऱ्याच्या मित्रायनं ग्रुपवर टाकला," ती म्हने. "वर लिहिलं, पियुषनं लग्नाच्या अगोदरच नंबर लावला. जेबा, मोर लावला नं तं मी मंडपात नाही येत."

"वर्षाले!" शालिकरामभाऊ ओरडले.

"बाबा, आयुष्यात एकदा माह्यं नाव एवढं मोठं येऊन राहिलं. ते बी पयले. होते का गं, जेबा?"

"होते."

मामूनं मनगट सोडलं. त्यानं मले 'कर' नाही म्हनलं. सोडलं फक्त.

मी खाली मातीतच बसली. मोबाईलवर प्रोग्राम उघडला. एकाएका रांगेतले आकडे शेवटापासून पयल्यापर्यंत पलटवाचे, ते काही मोठं काम नाही, एका ओळीचं आहे. डीजे जवळ आला होता, माह्या मांडीखालची जमीन धडधडून राहिली होती, अन् माह्या मागं निस्तं पब्लिक. एक म्हने 'पोट्टी मोबाईलवर गेम खेळून राहिली', दुसरा म्हने 'रील टाकून राहिली'. म्या मान वर न करता म्हनलं, "तुमचं लगन लागन तवा सांगा, तुमच्या गेटवर गाढव काढून देईन." पलटवलं, सेव्ह केलं, कार्ड डब्ब्यात खुपसलं, बटन दाबलं.

अंधार.

कोपऱ्यात एक लाल बल्ब लुकलुकला अन् तोबी विझला.

"घ्या!" शालिकरामभाऊनं कपाळावर हात मारला. "उलटं का होईना, दिसत तं होतं!"

मामूनं खिशातून मोराचं कार्ड काढलं. ते दोनदा कुडत्याले पुसलं, अन् खरं सांगते, तवा मले त्याचा राग नाही आला. पन मी डब्ब्यासमोरून हटलीबी नाही.

"फाईल पाहू द्या. एकदा."

"तू म्हनली होती सोता देशीन कार्ड."

"देते. पाहून देते."

अम्मीचा चेहरा डोळ्यासमोर, शिलाई क्लासची घरघर कानात. कार्ड पुन्हा मोबाईलमंधी टाकलं, फाईल उघडली. अन् दिसलंच. जिथं एक पाहिजे होता तिथं एक, टिंब, मंग शून्याची मालगाडी, अन् शेवटी 'ई' नावाचा डब्बा. हरेक आकडा तसाच. शून्याले बी शेपटी, दोनले बी शेपटी.

घाईत मी सांगाचंच इसरली. सेव्ह करताना पायथनले सांगा लागते का बावा आकडे पूर्ण लिही, अपूर्णांक नको. टक्क्याची खूण अन् डी, एवढंच लिहा लागते. नाही लिहिलं तं तो साध्या एकालेबी सायन्सच्या पुस्तकातल्यावानी सजवून लिहिते. डब्ब्याले ती सजावट समजत नाही. त्याले साधा एक पाहिजे. घरी म्या लिहिलं होतं. इथं मातीत बसून, गाढवाच्या गोष्टी करत, सेव्हची ओळ नव्यानं लिहिली अन् तेच इसरली.

"काय झालं?" मामूनं वाकून पाहिलं. "हे एवढे शून्य कुठून आले?"

"माही चूक. दिसली आता."

"दिसली म्हनजे?"

"म्हनजे समोर लिहेल आहे नं, मामू. ही तुमच्या मोरावानी बंद फाईल असती तं दिसली असती का?"

त्यानं मोराचं कार्ड खिशात नाही टाकलं. हातातच ठेवलं. पन पुढंबी नाही केलं.

टक्का, डी. सेव्ह. या वेळी डब्ब्यात टाकाच्या अगोदर फाईल उघडून पाहिली. एक, कॉमा, शून्य, कॉमा, शून्य. अक्षरं उलटी, जशी मामूच्या माळायले पाहिजे तशी उलटी. कार्ड टाकलं. बटन मी नाही दाबलं. मामूकडं पाहिलं.

"दाबा. तुमचं गेट आहे."

"अन् नाही लागलं तं?"

"तं माह्या नावानं ओरडा. दाबा तं खरं."

दाबलं.

वर्षाली. लाल दिल. पियुष. सरळ, ठळक, एवढं पिवळं का खालच्या झेंडूच्या माळा फिक्या दिसाले लागल्या. वरात तवाच गेटसमोर आली. घोड्यावरच्या नवरदेवानं वर पाहिलं, दुसऱ्या नंबरवर आपलं नाव पाहिलं अन् हासला. त्याचा एक मित्र ओरडला, "अबे, नंबर कापला तुहा!" वर्षालीले मावश्यायनं ओढतच आत नेलं, पन जाता जाता तिनं फोटो काढला, अन् मले पाहून दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली का एका मावशीच्या हातातलं अक्षताचं ताट हाललं.

शालिकरामभाऊ लय वेळ वर पाहात उभे राहिले. "कुर्बानभाऊ, कोनं केलं हे?"

"माह्या बहिणीच्या पोट्टीनं," मामू म्हने. "अगोदर बिघडवलंबी तिनंच."

"अर्धं तुमी बिघडवलं," म्या म्हनलं.

"अर्धं म्या," मामू म्हने. हे त्यानं शालिकरामभाऊकडं पाहून म्हनलं, माह्याकडं नाही.

लग्न लागलं. पंगती बसल्या. मामू टेम्पोजवळ उभा राहून अम्मीशी फोनवर बोलाले लागला. मी मागंच होती, त्याले दिसली नाही.

"सईदा, चाललं गेट. हो. पयले उलटं चाललं, मंग बंद पडलं, मंग चाललं. नाही नाही, चाललं म्हनजे चाललं. तुझी शर्त होती नं? मंग आता ती माह्यासंग. उद्यापासून येईन अकोल्याले. रिद्धपूरच्या इकडं एक काम आहे, तिथं नेतो. ठेवू?"

"ठेवू नका," म्या म्हनलं.

मामू दचकला. "काय झालं आता?"

"मले इचारलं का?"

"काय इचाराचं? तुलेच तं पाहिजे होतं."

"पाहिजे आहे. पन शर्त तुमी दोघानं लावली, निकालबी तुमी दोघानंच लावला, अन् उद्या मी कुठं जाईन तेबी तुमीच सांगून राहिले. मी काय माळ आहे का, कोन्याबी खांबाले बांधाले?"

फोनमधून अम्मीचा आवाज आला, "क्या बोल रही वो?"

"तेरी बेटी बोल रही के उसको पूछो," मामू म्हने.

अम्मी मंग म्हने, "तो पूछो ना भाईजान. मले काहून सांगून राहिले?"

मामूनं फोन कानापासून काढला. जुबेर टेम्पोच्या टपावर बसून बुंदी खात होता, त्याचा हात तोंडाजवळच थांबला. मामूले आयुष्यात कोनी असं पोट्टीले इचाराले लावलं नसन. त्याचे कान लाल झाले होते.

"येतं का माह्यासंग कामाले?" तो म्हने. भांडन कराले बोलावल्यावानी म्हने, पन म्हने.

"येते. पन गेट बांधताना मी खांबाजवळ उभी राहीन. टेम्पोत नाही बसत."

"लोकं पाहातात."

"पाहू द्या. मीबी त्यायले पाहीन."

"अन् मी म्हनलं नाही, तं?"

"तं मोर आहेच नं तुमच्या खिशात."

मामूनं जुबेरकडं पाहिलं. जुबेरनं लगेच टपावरून दुसरीकडं तोंड फिरवलं. फोन चालूच होता, अम्मी सगळं ऐकून राहिली होती.

"उभी राहा," मामू म्हने. "पन बांबूले हात लावला तं याद राख."

"ते पाहू," म्या म्हनलं, अन् जेवाले पंगतीत जाऊन बसली, काहून का वांग्याची भाजी थंडी होऊन राहिली होती अन् मले सकाळपासून कोनी च्या बी इचारला नव्हता.